नव्या किडनीचं जुनं पथ्य

श्रीपुरात साखरेचं कुणाला अप्रूप नाही. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी उभी केली आणि माळशिरस तालुक्यातल्या या भागात तिचा कारखाना आला. पुढं पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचं नावही श्रीपूरशीच जोडलं गेलं. ऊस, मळी, गाळप, हंगाम हे शब्द आमच्या बोलण्यात मीठमिरचीसारखे येतात. अलीकडं त्यांच्या जोडीला आणखी दोन शब्द आले आहेत, डायलिसिस आणि क्रिएटिनिन. साखरेच्या गावात साखरेचा आजार, असं लोक गमतीनं म्हणतात. ते तितकं सरळ नाही. पण मधुमेह आणि रक्तदाब ही किडन्या निकामी होण्याची आजची दोन मोठी कारणं आहेत, हे खरंच आहे.

आमच्याकडं किडनीचं रोपण झालं की लोक म्हणतात, ‘किडनी बदलली.’ विहिरीवरची मोटर बदलावी तसं. मोटर बदलली, पाणी चालू झालं, काम संपलं. पण ज्या घरात हे घडलं, त्या घराला विचारा. दवाखान्यातून माणूस घरी येतो आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो चुलीपाशी. आता याला खायला काय घालायचं? दुसरा प्रश्न उंबऱ्याशी. याला बाहेर चालू द्यायचं की झोपवून ठेवायचं?

या दोन प्रश्नांचा इतिहास मोठा आहे. शस्त्रक्रियेच्या इतिहासाला पुस्तकं मिळाली, नोबेल मिळालं. ताटाच्या आणि पावलांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. म्हणून आज तोच सांगावा म्हणतो.

किडनी निकामी झालेल्या माणसासाठी डॉक्टरांच्या हाती आधी पथ्यच होतं. दुसरं काही नव्हतंच. जर्मनीतून अमेरिकेत आलेले वॉल्टर केम्पनर हे डॉक्टर १९४०च्या दशकात ड्यूक विद्यापीठात रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना नुसता भात, फळं आणि साखर यांवर ठेवत. मीठ जवळजवळ नाहीच. अनेकांचा रक्तदाब उतरायचा, पण ते जेवण महिनोन्‌महिने गिळायचं म्हणजे शिक्षाच. पुढं १९६३-६४च्या सुमारास इटलीत जोर्दानो आणि जोव्हानेत्ती या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं काम करून दाखवून दिलं की प्रथिनं अगदी मोजकी, पण अंड्यासारखी चांगल्या प्रतीची दिली, तर रक्तातली घाण कमी साठते आणि माणसाला बरं वाटतं. त्यातून ‘कमी’ हा शब्द मूत्रपिंडाच्या आजाराला कायमचा चिकटला. डाळ कमी, दूध कमी, मीठ कमी, पाणी कमी.

यंत्र त्याच्या आधी आलं होतं. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये १९४३ साली विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टणाला वापरतात तसल्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळून रक्त धुण्याचं यंत्र केलं. १९६० साली सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी बसवण्याची युक्ती काढली आणि माणूस वर्षानुवर्षं यंत्रावर जगू शकेल असं झालं. आपल्याकडं डायलिसिस हा शब्द घराघरात गेला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळं. आणीबाणीत अटकेत असताना त्यांच्या किडन्या गेल्या. नोव्हेंबर १९७५मध्ये सुटका झाल्यावर ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले आणि ८ ऑक्टोबर १९७९ला जाईपर्यंत यंत्रावरच राहिले. त्यांच्या यंत्रासाठी लोकांनी रुपया रुपया वर्गणी दिली होती. माझ्या पिढीनं हे सगळं शाळकरी वयात ऐकलं. रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत घालतात, हे ऐकून अंगावर काटा यायचा.

आज तालुक्याच्या गावातही डायलिसिसची सोय झाली आहे. पण यंत्रावरच्या माणसाचं पथ्य अजून तसंच कडक आहे. बटाटा चिरून उकळायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि मगच भाजी करायची, म्हणजे त्यातलं पोटॅशियम निघून जातं. शहाळं बंद, टोमॅटो मोजून, केळं नको. पाण्याचा तर वेगळा तांब्या. दिवसाचं पाणी त्यात भरून ठेवायचं आणि संध्याकाळपर्यंत पुरवायचं. सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तहानलेल्या माणसाच्या हातातून पाणी काढून घ्यायचं म्हणजे काय, ते त्या घरच्या बायकांना विचारावं. काही जणी बर्फाचा खडा चघळायला देतात, काही लिंबाची फोड.

अशी दोन-चार वर्षं गेल्यावर रोपण होतं आणि सगळं उलटं होतं.

नवी किडनी चालू झाली की डॉक्टर सांगतात, पाणी प्या, भरपूर प्या. दोन-तीन लिटर. जखम भरायची असते, त्यात स्टेरॉइड स्नायू खात असतं, म्हणून पहिले काही आठवडे प्रथिनं वाढवायची. वजनाच्या किलोमागं दिवसाला सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे डाळ, दूध, अंडी, मासे, कोंबडी यांना पुन्हा ताटात जागा. पुढं ते प्रमाण परत खाली आणतात. रक्तातलं फॉस्फरस आधी वाढलेलं असतं, ते आता बऱ्याचदा घसरतं. पोटॅशियमचं मात्र सांगता येत नाही. किडनी चांगली चालत असली तरी रोपणानंतरची काही औषधं ते वाढवतात, म्हणून रक्त तपासून ठरवायचं. मीठ तेवढं पूर्वीसारखंच कमी. आमच्याकडची शेंगाचटणी, लोणचं, पापड यांच्याकडं बघून हसायचं आणि पुढं जायचं.

ज्या घरानं चार वर्षं ‘नको’ पाठ केलं, त्याला एका दिवसात ‘हे हो, ते नको, ते तपासून’ असं तिहेरी व्याकरण शिकायचं असतं. माझ्या ओळखीच्या एका घरात रोपणाला वर्ष झालं तरी बटाट्याचं पाणी ओतून देणं चालूच होतं. किडनी उत्तम चालत होती. कुणी ‘आता पुरे’ असं सांगितलंच नव्हतं. घरातल्या माउली मला म्हणाल्या, ‘भाई, पथ्य सुटलं म्हणून किडनी गेली तर मी कुणाला तोंड दाखवू?’ त्या भीतीला उत्तर देणं आहारतज्ज्ञाचं काम आहे, आणि आहारतज्ज्ञ श्रीपुरापासून शंभरेक किलोमीटरवर, सोलापुरात.

रोपणाची गोष्ट बोस्टनमध्ये सुरू होते. २३ डिसेंबर १९५४ला जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. जुळे अगदी एकसारखे असल्यामुळं शरीरानं ती परकी मानलीच नाही. रिचर्ड आठ वर्षं जगला, त्यानं रुग्णालयातल्या परिचारिकेशी लग्न केलं, त्यांना मुलं झाली. मरे यांना १९९०चं नोबेल मिळालं. पण सगळ्यांना जुळा भाऊ कुठून आणायचा? १९६२-६३मध्ये डेन्व्हरच्या थॉमस स्टार्झल यांनी अझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोन ही दोन औषधं एकत्र वापरली आणि परक्या किडन्याही टिकू लागल्या.

ताटाच्या इतिहासात हे प्रेडनिसोन फार महत्त्वाचं. ते स्टेरॉइड. त्यानं किडनी वाचते आणि भूक पेटते. चेहरा गोल होतो, पोटावर चरबी चढते, स्नायू आणि हाडं मात्र झिजतात, रक्तातली साखर वाढते. ज्याला कधी मधुमेह नव्हता त्यालाही रोपणानंतर होऊ शकतो. वर्षानुवर्षं तोंडाची चव गेलेला माणूस अचानक रात्री दोनला उठून भाकरी मागतो, तेव्हा घरच्यांना आनंदच होतो. ‘अंग धरतोय’ म्हणतात. पहिल्या वर्षात किती तरी जणांचं वजन पाच-दहा किलोंनी वाढतं. त्यातलं अंग किती आणि चरबी किती, हे डोळ्यांना कळत नाही. आता स्टेरॉइडचे डोस पूर्वीपेक्षा बरेच कमी झाले आहेत, तरी भूक ही भूकच.

भारतात पहिला प्रयत्न आपल्या मुंबईत झाला. १९६५ साली केईएम रुग्णालयात मृत माणसाची किडनी बसवण्यात आली, पण ते यश टिकलं नाही. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याकडून केलेलं रोपण यशस्वी झालं आणि मग रस्ता खुला झाला. रस्त्यावर बाजारही बसला, किडन्यांचा. तो मोडण्यासाठी १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. त्यासाठी आधी ठराव करणाऱ्या राज्यांत गोवा आणि हिमाचलबरोबर महाराष्ट्रही होता. ४ फेब्रुवारी १९९५पासून तो लागू झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. इतर उपचारांना दीड लाखाची मर्यादा, किडनीच्या रोपणाला अडीच लाख. पुढं तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं आणि मर्यादाही वाढली. शेतमजुराच्या घरातही रोपण होऊ शकतं, असं वाटू लागलं ते तेव्हापासून.

आता औषधांची एक गंमत सांगतो. सायक्लोस्पोरिन हे औषध नॉर्वेच्या पठारावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीतून निघालं. अमेरिकेत त्याला १९८३ साली मान्यता मिळाली. आज जे टॅक्रोलिमस बहुतेक जण घेतात, ते १९८४ साली जपानातल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूत सापडलं. म्हणजे दोन्ही औषधं मातीनं दिली. आणि रोपण झालेल्या शेतकऱ्याला सांगतात, पहिले काही महिने माती, शेण, कुजलेला पाला, धुळीनं भरलेली बगॅस यांच्यापासून लांब राहा. कारण ही औषधं शरीराचा पहारेकरीच झोपवतात. मग कच्चं दूध, मोडाची कच्ची मटकी, कापून ठेवलेली फळं, गाड्यावरची चटणी यांतले साधे जंतूही अंगावर येतात. मटकीची उसळ चालते, कच्ची मटकी नाही. दूध उकळून, दही घरी लावलेलं, कालवण ताजं. उसाचा रस आमच्या भागात पाहुणचार समजतात. पण रसवंतीच्या चरकातून, उघड्या बर्फावरून आलेला तो ग्लास या माणसाला साखर आणि जंतू दोन्ही पाजतो. ‘घोटभर घ्या की’ असं म्हणणाऱ्याला हात जोडायचे.

फळांच्या बाबतीत आमच्याकडं एक घोटाळा होतो, तो सांगितला पाहिजे. कॅनडातल्या डेव्हिड बेली यांचं पथक रक्तदाबाच्या एका औषधावर मद्याचा काय परिणाम होतो, ते पाहत होतं. मद्याची चव कळू नये म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात घातलं. झालं काय, तर औषधाचं रक्तातलं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढलं. दोष मद्याचा नव्हता, रसाचा होता. १९८९मध्ये हे प्रसिद्ध झालं. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस यांचंही तसंच होतं, आणि त्यांचं प्रमाण वाढलं की ती किडनीलाच इजा करतात. म्हणून ग्रेपफ्रूट बंद. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते संत्र्याच्या कुळातलं मोठं, कडसर फळ, आणि आपलं पपनस त्याचं जवळचं नातेवाईक. बंद करायचं ते पपनस. पण पंढरपूरच्या आसपास द्राक्षांचे मळे, आणि दवाखान्यात कुणीतरी घाईत ‘ग्रेप’ म्हटलेलं असतं. माणसं द्राक्षं सोडून पपनस खातात. मराठीत छापलेला एक साधा कागद हाती दिला, तर हे टळेल.

काढ्याचंही तसंच. २००० साली झुरिकच्या डॉक्टरांनी हृदय बसवलेल्या दोन रुग्णांची हकिगत लिहिली. उदासी जावी म्हणून त्यांनी सेंट जॉन्स वर्ट नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या घेतल्या, त्यानं सायक्लोस्पोरिनचं प्रमाण उतरलं आणि शरीर ते हृदय नाकारू लागलं. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हा आपला लाडका समज आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाचाही काढा घेऊ नये.

उपासाचा प्रश्न आमच्या गावात दोन्ही बाजूंनी येतो. माझ्याकडं रमजानचे रोजे, शेजारी आषाढीची एकादशी. टॅक्रोलिमस साधारण बारा-बारा तासांनी घ्यायचं असतं. उन्हाळ्यातला रोजा चौदा तासांच्या वर जातो, आणि पाणीही नाही. १९९८ साली सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनी रोजे धरणाऱ्या रोपणाच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांची किडनी स्थिर होती, त्यांच्यात मोठा बिघाड दिसला नाही. पण पाहणी लहान होती, आणि पहिल्या वर्षात हे धाडस करू नये असंच डॉक्टर सांगतात. आजाऱ्याला रोजाची सवलत आमच्या धर्मानं मुळातच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला? एकादशीला पाणी चालतं, तेवढं बरं. पण साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि तूप यांचा तो दुप्पट खाण्याचा उपास रोपण झालेल्या माणसाच्या साखरेला आणि वजनाला मानवत नाही. तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर करत बोरगावकडं निघाली की पाय आपोआप ओढ घेतात. वर्ष न झालेल्यानं त्या गर्दीत शिरू नये. रस्त्याच्या कडेला उभं राहून दर्शन घ्यावं.

आता पावलांकडं येतो. पूर्वी मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला झोपवून ठेवत. ‘दुसऱ्याची किडनी आहे, जपून,’ असं म्हणत घरचे त्याला पाण्याचा तांब्याही उचलू देत नसत. अजूनही देत नाहीत. या समजुतीला जाहीर धक्का दिला तो इंग्लंडमधल्या एका सर्जननं. मॉरिस स्लॅपॅक यांनी १९७८ साली पोर्टस्मथ इथं रोपण झालेल्यांच्या क्रीडास्पर्धा भरवल्या. ९९ स्पर्धक आले. पुढं त्या जागतिक झाल्या. २०२५ साली त्या जर्मनीत ड्रेस्डेनला झाल्या. पण सगळ्यांनी शर्यतीत पळावं, असं कुणी म्हणत नाही. चालण्यानं काय होतं, हे अमेरिकेतल्या पॅट्रिशिया पेंटर यांनी जास्त उपयोगाच्या पद्धतीनं तपासलं. रोपण झालेल्यांचे दोन गट केले, एकाला घरच्या घरी करायचा व्यायाम लावून दिला. २००२ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. व्यायाम करणाऱ्यांचा दम आणि स्नायूंचं बळ वर्षभरात जास्त वाढलं होतं. चरबीत मात्र फरक पडला नव्हता. मला हा दुसरा भाग फार बोलका वाटतो. नुसतं चालून वजन उतरत नाही, ताटही आवरावं लागतं. आणि नुसतं ताट आवरून पायात बळ येत नाही.

नवी किडनी पाठीमागं बसवत नाहीत. पॅरिसमधल्या रने क्यूस आणि इतर सर्जननी १९५१च्या सुमारास जी पद्धत घालून दिली, तिच्याप्रमाणं ती पुढं, ओटीपोटाच्या एका बाजूला बसवतात. हाडांचं संरक्षण तिथं कमी. म्हणून कुस्ती आणि कबड्डी नको. अकलूजच्या कुस्त्या पाहत वाढलेल्या पोराला हे पचायला जड जातं, पण इलाज नाही. बाकी पहिल्या दिवसांपासून थोडं थोडं चालायचं, दीड-दोन महिने चार-पाच किलोंच्या वर उचलायचं नाही, मग डॉक्टरांना विचारून वाढवत न्यायचं. रोज अर्धा तास चालणं हे फार मोठं औषध आहे. आमच्या भागात ते उजाडताना किंवा दिवस मावळताना. डोक्याला टोपी, बरोबर पाणी.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या फिजिओथेरपिस्टांनी अलीकडं नव्यानं रोपण झालेल्यांसाठी आहाराचा आणि व्यायामाचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम संगणकावरून चालवून पाहिला. वजन वाढूच नये, हा हेतू. प्रयोग छोट्या गटावरचा आहे. पण कल्पना आपल्यासाठी सोयीची आहे, कारण मोबाइल आता श्रीपुरातल्या प्रत्येक घरात आहे. त्यात फक्त ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाचटणी आणि बांधावरचं चालणं यायला हवं. ब्रोकोली आणि जिम वाचून आमच्या माउलींनी काय करायचं?

माउलींचा उल्लेख मी दोनदा केला, तो मुद्दाम. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त आहेत, आई, बायको, बहीण. आणि किडनी मिळणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त. म्हणजे पुष्कळ घरांत जी किडनी देते, तीच पथ्याचा स्वयंपाक करते. त्याचं ताट वेगळं, ताजं, मोजून. हिचं ताट शेवटी, उरलंसुरलं. उरलेल्या शिळ्या कालवणात वरून मीठ घालून. पथ्य फक्त त्याला, असं घरानं धरलेलं असतं. दोघांकडं मिळून दोनच किडन्या आहेत, एक त्याच्याकडं, एक तिच्याकडं.

बोस्टनचा रोनाल्ड हेरिक एका किडनीवर छप्पन्न वर्षं जगला. गणित शिकवलं, शेती केली आणि २०१०च्या डिसेंबरात वयाच्या ७९व्या वर्षी गेला. एका किडनीवर माणूस चांगला जगतो. पण लक्ष ठेवावं लागतं. बटाट्याचं पाणी ओतून देणाऱ्या त्या माउलींनी लेकाला किडनी दिली आहे. मध्ये भेटल्या तेव्हा त्यांचे पाय दुखत होते आणि त्या दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी रोज घेत होत्या. तसल्या काही गोळ्या किडनीला मारक असतात, तालुक्याला दाखवून घ्या, असं मी म्हटलं. वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासायचा, मीठ कमी, वजन आटोक्यात, गोळी मनानं घ्यायची नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हे मला पण असतं व्हय, भाई?’